फुकटातला अँटीव्हायरस: डिफेंडरवरच राहायचं की अवास्ट, बिटडिफेंडर टाकायचा?

जून उजाडला की ॲडमिशनचे फॉर्म, दाखल्यांचे स्कॅन, पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सवाल्याकडे चकरा हे सगळं सुरू होतं आणि मग बिल्डिंगमधल्या कुणाचातरी मेसेज येतोच, की कॉम्प्युटर स्लो झालाय, फोल्डरचे सगळे शॉर्टकट झालेत, एखादा चांगला फुकट अँटीव्हायरस सांग ना. ह्याला एका नावात उत्तर देता येत नाही, कारण मशीन कुठलं आहे आणि मुख्य म्हणजे त्यावर बसतं कोण ह्यावर सगळं आहे. लॅबच्या टेस्ट बघून निवडायला गेलात तर वरच्या चार-पाच नावांत उन्नीस-बीसचा फरक दिसेल, घरी वापरताना मात्र त्याच चार-पाच नावांचा अनुभव पार वेगवेगळा असतो.

आधी डिफेंडर. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून तो विंडोजमध्येच येतो, वेगळा टाकायचा नाही, अकाउंट नको, दरवर्षी नवीन लायसन्स की नको. तरी लोकांचा त्याच्यावर विश्वास बसत नाही, आणि त्याला कारण आहे, एकेकाळी मायक्रोसॉफ्टचं हे प्रकरण खरंच कच्चं होतं. विंडोज ७ आणि त्याआधीच्या विंडोजवाल्यांसाठी २००९ मध्ये त्यांनी सिक्युरिटी इसेन्शियल्स आणला होता आणि २०१२ च्या शेवटी जर्मनीच्या एव्ही-टेस्ट ह्या लॅबने त्याला सर्टिफिकेटच नाकारलं होतं. त्या काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला कॉम्प्युटर असेंबल करून घेतला की दुकानदार बिलात अँटीव्हायरसचा एक डबा घालणारच, आणि तेव्हा तो सल्ला बरोबरही होता. डिफेंडर नंतर सुधारला, सल्ला मात्र आहे तिथेच राहिला. ही एव्ही-टेस्ट प्रोटेक्शन, परफॉर्मन्स आणि वापरायला त्रास किती ह्या तीन गोष्टींना प्रत्येकी ६ असे १८ मार्क देते, आणि गेली बरीच वर्षं डिफेंडर त्यात पैसे मोजून घेतलेल्या नावांच्या शेजारी बसलेला असतो.

पण त्याच्या तीन खोडी माहीत असलेल्या बऱ्या. पहिली म्हणजे त्याचं बरंचसं डोकं क्लाउडवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नेटवरच्या सर्व्हरवर आहे, नेट बंद असेल तर पकडण्याची ताकद कमी होते, ऑस्ट्रियाच्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जच्या टेस्टमध्ये ऑफलाइनचे आकडे वेगळे देतात तिथे हे दिसतं. आता तुम्ही म्हणाल मुंबईत नेट कुणाकडे नाही, पण असे भरपूर कॉम्प्युटर आहेत ज्यांना वायफाय नाही, लागेल तेव्हा मोबाइलचा हॉटस्पॉट द्यायचा आणि काम झालं की बंद, आणि नेमके त्याच मशीनला दिवसभर लोकांचे पेन ड्राइव्ह लागत असतात. दुसरी खोड, फसव्या साइट अडवणारा स्मार्टस्क्रीन मुख्यतः एज ब्राउझरमध्ये काम करतो, आणि एज आपण वापरतो कशाला, तर क्रोम डाउनलोड करायला. क्रोममध्ये गुगलचं स्वतःचं सेफ ब्राउझिंग असतं, ते चांगलंच आहे, पण ते डिफेंडरचं नाही. तिसरी खोड जुन्या हार्ड डिस्कवाल्यांना पाठ असेल, मशीन चालू केलं की पंखा घोंघावतो, टास्क मॅनेजर उघडावा तर सगळ्यात वर ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ आणि डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, लालभडक. हा व्हायरस नाही, हाच डिफेंडर स्कॅन करतोय. ह्या एका ओळीवर वैतागून लोक दुसरा अँटीव्हायरस टाकतात, मग तोही तेच करतो, कारण दुखणं फिरत्या हार्ड डिस्कचं आहे, छोटी का होईना एसएसडी (न फिरणारी, चिपवाली वेगवान डिस्क) बसवा, ते भांडणच मिटतं.

आता अवास्ट की एव्हीजी, हा प्रश्न बरेच जण विचारतात आणि ह्यात तुलना करण्यासारखं काही राहिलेलंच नाही. प्रागच्या अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी साधारण १.३ अब्ज डॉलरला विकत घेतली, तेव्हापासून दोघांच्या आत व्हायरस ओळखणारं इंजिन एकच. मग नॉर्टनवाल्यांनी अविरा घेतली, २०२२ च्या सप्टेंबरात नॉर्टन आणि अवास्ट एकत्र झाले आणि कंपनीचं नाव झालं जेन डिजिटल. म्हणजे नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी, अविरा, चार डबे मालक एक. पकडण्यात इंजिन उत्तम आहे, त्यात वाद नाही. फुकट व्हर्जनमध्येसुद्धा वेब शील्ड मिळतो जो क्रोम असो फायरफॉक्स असो सगळीकडे चालतो, आणि रॅन्समवेअरपासून, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामपासून, फोल्डर राखायची सोयही आहे.

मग अडतंय कुठे? दोन ठिकाणी. एक, डेटा. अवास्टची जम्पशॉट नावाची एक उपकंपनी होती, लोक काय काय ब्राउझ करतात ती माहिती ती विकायची, जानेवारी २०२० मध्ये हे बाहेर आलं तेव्हा ती बंद केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यापायी १.६५ कोटी डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी असा डेटा विकायला बंदी घातली. शंभरावर कंपन्यांना तो डेटा गेला होता असं कमिशनचं म्हणणं. जम्पशॉट आता नाही हे खरं, पण ज्याला आपण राखणीला बसवला त्याने घरात कोण कधी येतं-जातं ह्याची वही विकावी हे माझ्या तरी पचनी पडत नाही. अविराचंही असंच, तिच्यात क्रिप्टो मायनिंगची, म्हणजे आपलं मशीन राबवून डिजिटल नाणी कमवायची सोय आल्याचं २०२२ च्या सुरुवातीला गाजलं होतं, ऐच्छिक होती, सक्ती नव्हती, पण अँटीव्हायरसने नाणी कशाला खणायची?

दुसरी अडचण मला डेटापेक्षा मोठी वाटते, विशेषतः घरात वयस्कर माणसं असतील तर. स्मार्ट स्कॅन करा, व्हायरस शून्य, छान, आणि मग खाली येतं ‘ॲडव्हान्स्ड इश्यूज’ सापडले, सोडवायचे तर अपग्रेड करा. कोपऱ्यातून पॉप-अप, तुमचा आयपी ॲड्रेस उघडा आहे (तो सगळ्यांचाच असतो), व्हीपीएन घ्या, ड्रायव्हर जुने झालेत, कचरा साचलाय. आपण क्रॉसवर क्लिक करून पुढे जातो. सत्तरीच्या काकांना मात्र ह्यातून सवय लागते की स्क्रीनवर लाल चौकोन आला की तो कॉम्प्युटरच्या भल्यासाठीच असतो आणि त्यावर क्लिक करायचं असतं. मग एखाद्या दिवशी तसाच लाल चौकोन भामट्यांचा येतो, खाली फोन नंबर असतो, आणि काका फोन लावतात. नंतर त्याचा दोष काकांना देतात सगळे.

तरी अवास्ट किंवा एव्हीजी ठेवायचाच असेल तर निदान एवढं करा: इन्स्टॉल करताना ‘कस्टमाइज’ वर जाऊन सिक्युअर ब्राउझर वगैरेच्या टिका काढा, नंतर सेटिंग्जमध्ये जनरलखाली पर्सनल प्रायव्हसी आहे तिथल्या सगळ्या टिका काढा, आणि त्यांचा क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर ह्यातलं काहीही सोबत घेऊ नका. क्लीनर ह्या जातीबद्दल माझं मत तसंही वाईट आहे, सीक्लीनरसारख्या नावाजलेल्या प्रोग्रामच्या अधिकृत डाउनलोडमध्येच २०१७ मध्ये मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम घुसलं होतं आणि वीस लाखांहून जास्त मशीनवर गेलं होतं.

बिटडिफेंडर फ्री हा ह्याच्या बरोबर उलट स्वभावाचा. रोमानियाची कंपनी, जुनं फुकट व्हर्जन २०२१ च्या शेवटी बंद केलं होतं, पुढच्या वर्षी नवीन आणलं. ईमेल देऊन अकाउंट काढावं लागतं ही एक कटकट, पण एकदा टाकला की अवास्टच्या मानाने शांत असतो, आणि सेटिंग कमी असल्यामुळे कुणाला बिघडवायलाही फार काही नाही. इंजिन इतकं मान्य की दुसऱ्या कंपन्या ते विकत घेऊन आपल्या डब्यात घालतात. त्यातली एक गंमत म्हणजे चीनच्या किहू ३६० ने २०१५ मध्ये टेस्टसाठी लॅबला जे व्हर्जन दिलं त्यात बिटडिफेंडरचं इंजिन चालू, आणि लोकांना द्यायच्या व्हर्जनमध्ये ते मुळात बंद, मग तीन लॅबनी मिळून त्या वर्षीची सर्टिफिकेटं काढून घेतली. ३६० टोटल सिक्युरिटी अजून कुणाच्या मशीनवर असेल तर ह्या निमित्ताने काढून टाका.

कॅस्परस्की फ्री. नुसतं तांत्रिक बघाल तर फुकटातल्यात बहुतेक हाच पहिला, पकडतो भरपूर आणि चांगल्या फाइलींबद्दल खोट्या तक्रारी कमी. पण कंपनी मॉस्कोची, जून २०२४ मध्ये अमेरिकेने तिच्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरनंतर तिथे अपडेटही बंद. भारतात अशी बंदी नाही. घरच्या मशीनवर सिनेमे आणि पोरांचे प्रोजेक्ट असतील तर मला त्यात काही भीती वाटत नाही, पण सरकारी नोकरी, डिफेन्स, बंदराचं काम असं काही घरून करत असाल तर ह्या भानगडीत पडू नका, उगाच कुणाला उत्तरं देत बसायला नको.

मालवेअरबाइट्स फ्री हा अँटीव्हायरस म्हणून मोजूच नका. पहिले १४ दिवस प्रीमियम चालतं, मग राखण बंद होते आणि उरतो फक्त ‘बोलावलं की येणारा’ स्कॅनर, आणि तसा तो झकास आहे. डिफेंडर चालू ठेवून महिन्यातून एकदा ह्याने स्कॅन करा, ब्राउझरचं होमपेज बदलणारे टूलबार, जाहिराती घुसवणारं ॲडवेअर असल्या फुटकळ पण चिवट गोष्टी हा बरोबर उचलतो. त्यांचाच ॲडव्हक्लीनर तर इन्स्टॉलही करावा लागत नाही.

आणि क्विक हील? हा प्रश्न मराठी घरात येणारच. पुण्याची कंपनी, कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामातून उभी केलेली, अभिमान आहेच. पण घरच्या विंडोजसाठी ते फुकट नाही, थोडे दिवस ट्रायल आणि मग पैसे, त्यामुळे ह्या तुलनेत बसत नाही. मात्र केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून चालू आहे, तिथे क्विक हीलचं, आपल्या मुंबईच्या ई-स्कॅनचं आणि चेन्नईच्या के-सेव्हनचं बॉट (बाहेरच्यांना मशीन दुरून वापरू देणारे प्रोग्राम) काढायचं टूल फुकट मिळतं. तेही स्कॅनरच, कायमचा राखणदार नाही.

तर आता माणसांप्रमाणे बघू. मशीन विंडोज ११ चं, एकटेच वापरता, डोकं ठिकाणावर आहे, तर डिफेंडर, बाकी काही नको, ह्यावर मी वाद घालायला तयार आहे. आई-वडील वापरतात, यूट्यूब, बँक, फॅमिली फोटो, तर डिफेंडर आणि ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, क्रोमला युब्लॉक ओरिजिन लाइट, फायरफॉक्सला पूर्ण युब्लॉक ओरिजिन. जाहिरातच दिसली नाही तर त्यावर क्लिक कोण करणार? त्याउपर ते दिसेल ती लिंक दाबणारे असतील तर बिटडिफेंडर. त्यांच्या मशीनवर अवास्ट नको, कारण वर सांगितलंच.

शाळा-कॉलेजातली पोरं असतील तर अँटीव्हायरसची निवड हा मुद्दाच दुय्यम आहे हो, त्यांना गेमचा क्रॅक, म्हणजे विकतचा गेम फुकट चालवायची चोरवाट हवी असते आणि ती देणारी प्रत्येक साइट सांगते की आधी अँटीव्हायरस बंद करा. पोरगं बंद करतं. झालं. इथे उपाय एकच, त्याला ॲडमिनचा पासवर्ड देऊ नका, स्टँडर्ड अकाउंट काढून द्या, भांडेल आठवडाभर. घरून डीटीपी, लग्नपत्रिका, बॅनर असली कामं करणाऱ्यांची गत थोडी पोरांसारखीच, क्रॅक केलेलं डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि वर गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह, नेटही धड नाही. तिथे मी डिफेंडरऐवजी बिटडिफेंडर किंवा कॅस्परस्की सुचवेन, आणि कामाच्या फाइली वेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवर, जी कॉपी झाली की काढून कपाटात.

विंडोज १० वाल्यांनी वेगळं ऐका. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सिक्युरिटी अपडेट मिळतात, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर फुकट. डिफेंडरच्या व्हायरस व्याख्या (नवे व्हायरस ओळखायच्या याद्या) तर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत. पण ह्या दोन गोष्टी एकमेकींची जागा घेत नाहीत, दरवाज्याची कडीच तुटली असेल तर राखणदार कितीही जागा असला तरी किती पुरणार, त्यामुळे ‘विंडोज जुनी आहे म्हणून भारी अँटीव्हायरस टाकतो’ ह्याला अर्थ नाही. अकाउंटने लॉगिन करा, अपडेट घ्या. विंडोज ७ असेल तर बँक त्यावर उघडूच नका.

डिफेंडर ठेवायचं ठरलं तर नुसता ठेवून भागत नाही, थोडी डागडुजी लागते. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज. टॅम्पर प्रोटेक्शन चालू पाहिजे, दुसऱ्या प्रोग्रामला डिफेंडर बंद करता येऊ नये म्हणून. ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग’ बऱ्याच मशीनवर बंद असतं, ते चालू करा, फुकट कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर टूलच्या पोटातून येणारा कचरा त्यानेच अडतो. मग मॅनेज सेटिंग्जमध्ये पार खाली जा, ‘एक्सक्लुजन्स’, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या जागांची यादी. हे कुणी बघत नाही. मुलुंडच्या एका काकूंचं मशीन बघत होतो, डिफेंडर हिरवी टिक दाखवतोय, सगळं ओके, आणि एक्सक्लुजन्समध्ये अख्खी सी ड्राइव्ह. विंडोज टाकून देणाऱ्याने पायरेटेड ऑफिसचा ॲक्टिव्हेटर पकडला जाऊ नये म्हणून सगळी ड्राइव्हच वगळून ठेवलेली. म्हणजे डिफेंडर ड्युटीवर होता, पण घरात बघायचं नाही असं त्याला सांगून ठेवलेलं. ते काढलं आणि ‘ऑफलाइन स्कॅन’ लावला, त्यात मशीन रिस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आधीच स्कॅन होतं, साधारण पंधरा मिनिटं, चिवट मालवेअरला तोच बरा.

रॅन्समवेअरसाठी ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ आहे, मुळात बंद असतं. चालू केलं की ओळखीच्या नसलेल्या प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ह्या फोल्डरांत लिहिता येत नाही. कल्पना मस्त, पण त्रासही आहे, जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर किंवा एखादा गेम सेव्ह करायला जाल आणि भलतीच एरर येईल, कारण सांगणार नाही. तेव्हा प्रोटेक्शन हिस्टरी उघडायची, तिथे कुणाला अडवलं ते दिसतं, तिथूनच परवानगी देता येते. एवढं करायचा कंटाळा असेल तर ते बंदच ठेवा आणि बॅकअप नीट घ्या.

पेन ड्राइव्हचा शॉर्टकट व्हायरस अजून गेलेला नाही. झेरॉक्सच्या दुकानातून आलात, ड्राइव्ह उघडली, फोल्डरच्या आयकॉनवर कोपऱ्यात छोटा बाण, तर डबल क्लिक अजिबात करायचं नाही. फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. आधी ड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये हिडन फाइल्स दाखवा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ ची टिक काढा, सगळं दिसायला लागेल, ते कॉपी करा आणि ड्राइव्ह फॉरमॅट. त्यापेक्षा सोपं म्हणजे प्रिंटसाठी मेल नाहीतर व्हॉट्सॲप करा, ड्राइव्ह न्यायचीच नाही.

आणखी एक, ‘अँटीव्हायरस टाकूनही व्हायरसच्या नोटिफिकेशन येतात’ ही तक्रार. उजव्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी ‘तुमचं मॅकअफी संपलं, ५ व्हायरस सापडले’, आणि मॅकअफी तर मशीनवर कधीच नव्हतं. हा व्हायरस नाही, कुठल्यातरी साइटने ‘अलाउ’ विचारलं आणि कुणीतरी दाबलं. जगातला कुठलाही अँटीव्हायरस स्कॅन करून हे काढणार नाही कारण पकडण्यासारखी फाइलच नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, आणि ओळखीच्या नसलेल्या सगळ्या साइट उडवा. अशा चौकोनावरून पैसे गेलेच असतील तर कॉम्प्युटर राहू दे बाजूला, आधी १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

बदलायचं असेल तर एक नियम: राखण करणारा एका वेळी एकच. दुसरा टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, पण अवास्ट आणि कॅस्परस्की एकत्र टाकलेत तर दोघं एकमेकांच्या फाइली तपासत बसतील आणि मशीन रडेल. जुना काढताना आधी ॲप्समधून अनइन्स्टॉल, मग त्या कंपनीचं स्वतःचं काढायचं टूल, अवास्टचं आहे, एव्हीजीचं आहे, नवीन लॅपटॉपवर ट्रायल म्हणून आलेल्या मॅकअफीचंही आहे. रिस्टार्ट करा आणि विंडोज सिक्युरिटीत डिफेंडर परत चालू झालाय ना ते डोळ्याने बघा.

चालतोय की नुसता बसलाय हे तपासायचं असेल तर आयकार नावाची एक टेस्ट फाइल नेटवर मिळते, ६८ अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी, सगळे अँटीव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस समजतात. आयकारच्याच साइटवरून डाउनलोड करा. ब्राउझरनेच अडवली तर अँटीव्हायरसची परीक्षा झाली नाही, ती अक्षरं नोटपॅडमध्ये पेस्ट करून सेव्ह करा. दोन-चार सेकंदांत बोंब मारली तर ठीक, नाहीतर आधी एक्सक्लुजन्स उघडा.